वस्तीतला मृत ज्वालामुखी पायथ्यापासून कसा वाचावा

विचारणा थोडक्यात अशी आहे : उपनगराच्या मधोमध शंभरएक मीटर उंचीची एक टेकडी आहे. ती मृत ज्वालामुखी असल्याचे तेथील पाटीवर लिहिले आहे. माथ्यावर हिरवळ, पाण्याची टाकी आणि फिरण्याची वाट आहे. भूशास्त्र न शिकलेल्या माणसाने तेथे जाऊन काय पाहावे, पाटीवरच्या विधानाची खातरजमा स्वतः कशी करावी, आणि 'मृत' या शब्दावर कितपत विसंबावे? अशा लहान ज्वालामुखींचे भूशास्त्रीय नकाशे करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

सर्वांत आधी एक विनंती करतो, ती अशी की माथ्यावर सर्वांत शेवटी जावे. बहुतेक जण थेट विवराच्या काठावर जाऊन उभे राहतात, खाली डोकावतात, छायाचित्र काढतात आणि परततात. विवर हे उद्रेकाच्या अखेरच्या काही तासांचे किंवा दिवसांचे रूप असते, आणि वस्तीतल्या टेकडीवर तर तेही भराव टाकून आणि हिरवळ लावून बदललेले असते. ज्वालामुखीची सगळी हकिगत, पहिल्या स्फोटापासून क्रमाने, दिसते ती त्याच्या बाजूला कापल्या गेलेल्या उभ्या कडेत. मोकळ्या रानातल्या ज्वालामुखीला अशी कड सहसा नसते, तो गवताखाली झाकलेला असतो. उपनगराने मात्र रस्त्यासाठी, मैदानासाठी किंवा खडीसाठी टेकडी कुठे ना कुठे कापलेली असते. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात माउंट टेबर नावाची टेकडी आहे. १९१२ मध्ये तेथील उद्यानाच्या कामात सच्छिद्र खडे निघाले आणि टेकडीचे ज्वालामुखी असणे ध्यानात आले. आज बास्केटबॉलच्या मैदानालगतच्या कापलेल्या कडेत तिचे थर उघडे दिसतात. तुमच्या टेकडीवरही पहिला अर्धा दिवस अशी जागा शोधण्यात घालवला, तर तो वाया जाणार नाही.

थर वाचण्याआधी आकाराचा अर्थ नीट समजून घ्यावा लागतो, कारण 'ज्वालामुखी' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हजारो वर्षे पुन्हा पुन्हा पेटणारा उंच पर्वत येतो. शंभर-दोनशे मीटरची टेकडी हा त्या पर्वताचा लहान भाऊ नव्हे, तिची जातच वेगळी असते. ती बहुधा एकाच उद्रेकात, काही आठवड्यांत, महिन्यांत किंवा फार तर काही वर्षांत उभी राहते आणि मग कायमची थांबते. इटलीतल्या नेपल्सजवळ पोझ्झुओलीच्या वस्तीला लागून असलेला मोंते नुओव्हो, म्हणजे अक्षरशः 'नवा डोंगर', १५३८ च्या सप्टेंबरअखेर सुरू झालेल्या उद्रेकात आठवडाभरात सुमारे १३० मीटर उंच झाला. उद्रेक ओसरला असे वाटून त्यावर चढलेल्यांपैकी २४ जण ६ ऑक्टोबरच्या स्फोटात दगावले. मेक्सिकोतला पारिकुतिन २० फेब्रुवारी १९४३ रोजी मक्याच्या शेतात फुटला, वर्षभरातच त्याची उंची तीनशे मीटरच्या पुढे गेली, आणि १९५२ मध्ये तो थांबला तो थांबलाच. म्हणून कडेतले थर पाहताना आपण युगांची नव्हे, तर दिवसांची आणि आठवड्यांची नोंद वाचत आहोत हे मनाशी धरावे. हाताच्या पंजाएवढ्या जाडीचा एखादा थर एका दुपारचाही असू शकतो.

आता कडेपाशी चला. सर्वांत खाली, शक्य असेल तर टेकडीच्या आधीची जमीन जिथे दिसते तिथे, उभे राहावे. जमिनीखालच्या पाण्याने भरलेल्या खडकातून किंवा दलदलीतून शिलारस वर आला असेल, तर उद्रेकाची सुरुवात पाण्याच्या स्फोटांनी होते. अकराशे ते बाराशे अंश सेल्सिअसचा शिलारस पाण्याला भिडला की पाण्याची क्षणात वाफ होते, आणि ती शिलारसाबरोबर भोवतालच्या खडकाचाही चुरा करते. या टप्प्याचे थर पिवळट-करडे, बारीक राखेचे, पातळ आणि बऱ्यापैकी घट्ट असतात. त्यांत ज्वालामुखीचे नसलेले दगड, म्हणजे खालच्या वालुकाश्माचे किंवा चिखलदगडाचे टोकदार तुकडे, अडकलेले असतात. बारकाईने पाहिल्यास कधी वाटाण्याएवढ्या गोल गोळ्या दिसतात. दमट राखेच्या ढगात कणांवर कण चिकटून त्या हवेतच तयार झालेल्या असतात. काही थर सरळ न जाता नदीच्या वाळूसारखे तिरके, लाटांसारखे गेलेले दिसतात. राख तेथे वरून नुसती पडली नाही, तर जमिनीलगत वाऱ्याच्या लोटासारखी सुसाट पसरली, असा त्याचा अर्थ आहे.

याच थरांत मला आजही थांबायला लावणारी एक गोष्ट असते. एखादा डोक्याएवढा दगड थरांत रुतलेला असतो आणि त्याच्या खालचे सात-आठ पातळ थर खळग्यासारखे दबलेले असतात. वरचे थर मात्र त्या खळग्यावरून आधी वाकून आणि मग सरळ होत गेलेले असतात. दगड आकाशातून आला, राख तेव्हा ओल्या गाऱ्यासारखी मऊ होती आणि नंतरही राख पडत राहिली, हे सारे त्या वीतभर जागेत लिहिलेले असते. खळगा तिरका असेल तर दगड कोणत्या बाजूने आला हेही कळते, आणि असे चार-पाच खळगे होकायंत्राने मोजले तर उद्रेकाचे मुख कुठे होते ते नकाशावर काढता येते. मुख आजच्या विवराच्या जागी असेलच असे नाही.

शिलारसाच्या वाटेतले पाणी संपले, किंवा साचलेल्या मालाने त्याचा मार्ग अडवला, की उद्रेकाचा स्वभाव बदलतो आणि तो बदल कडेत रेघ मारल्यासारखा दिसतो. रेघेच्या वर काळे किंवा विटकरी, हलके, भोकाभोकांचे खडे असतात. याला स्कोरिया म्हणतात. शिलारसात विरघळलेला वायू वर येताना सोड्याच्या बाटलीसारखा फसफसतो आणि लाव्हाचे गोळे कारंज्यासारखे उडतात. ते हवेतच थिजतात आणि वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहतात. दोन मिलिमीटरपेक्षा बारीक कणांना राख, त्यापुढे ६४ मिलिमीटरपर्यंतच्या खड्यांना लॅपिली आणि त्याहून मोठ्या, अर्धवट वितळलेल्या अवस्थेत उडालेल्या गोळ्यांना बॉम्ब म्हणतात. काही बॉम्ब हवेत गरगरून चातीसारखे दोन्ही टोकांना निमुळते झालेले असतात. काही अजून पातळ असतानाच जमिनीवर आपटून शेणाचा पो पडावा तसे पसरलेले असतात. दुसऱ्या प्रकारचे पुष्कळ दिसले तर मुख जवळच होते असे समजावे.

रंगाबद्दल नेहमी गैरसमज होतो. लाल स्कोरिया म्हणजे अधिक तापलेला किंवा वेगळ्या खडकाचा, असे नाही. काळा आणि लाल दोन्ही एकाच शिलारसाचे असतात. मुखाजवळ साचलेल्या मालातून गरम वाफ आणि हवा बराच काळ खेळत राहिली की त्यातल्या लोहाचे ऑक्सिडीकरण होऊन तो लाल पडतो, आणि दूर पडून चटकन निवलेला माल काळाच राहतो. त्यामुळे कडेत काळ्याकडून लालीकडे जाताना आपण मुखाच्या दिशेने सरकत असतो, असे बहुतेक वेळा म्हणता येते.

एक भिंग, दहापट मोठे दाखवणारे, अवश्य जवळ ठेवावे. स्कोरियाचा ताजा, न गंजलेला पृष्ठभाग उन्हात धरून पाहिला की काळ्या वस्तुमानात फिकट हिरवे, काचेसारखे दाणे चमकतात. ते ऑलिव्हिन या खनिजाचे असतात. काही ज्वालामुखींत याहून मोठे भाग्य लाभते. एखाद्या बॉम्बच्या पोटात लिंबाएवढा, सबंध हिरव्या दाण्यांचा तुकडा सापडतो. तो शिलारसातून निवून तयार झालेला नसतो. तो पृथ्वीच्या प्रावरणातला, म्हणजे कवचाखालच्या जाड थरातला, तीस-चाळीस किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक खोलीवरचा खडक असतो आणि शिलारसाने वाटेत उचलून वर आणलेला असतो. असा तुकडा शिलारसापेक्षा जड असल्यामुळे शिलारस संथपणे चढला असता तर तो वाटेतच खाली बसला असता. तो वर पोहोचला याचाच अर्थ शिलारसाने हा प्रवास फार थोड्या वेळात, काही तासांत किंवा दिवसांत, उरकला. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण 'मृत' या शब्दाकडे येताना ती पुन्हा लागणार आहे.

येथे माझी एक फजिती सांगणे भाग आहे. एका टेकडीच्या पायथ्याशी मला उत्तम सच्छिद्र, काळसर, चकाकणारे दगड मिळाले. मी त्यावरून स्कोरियाची हद्द नकाशावर चांगली दोनशे मीटर पुढे सरकवली. पुढे प्रयोगशाळेत पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा त्यात लोखंडाचे बारीक मणी दिसले. तो ज्वालामुखीचा दगड नव्हता, कोणत्या तरी भट्टीत धातू वितळवताना उरलेली मळी होती आणि ती रस्त्याच्या भरावासाठी आणून टाकलेली होती. तेव्हापासून वस्तीतला सुटा दगड मी पुरावा म्हणून धरत नाही. मळीला लोहचुंबक अनेकदा जोरात चिकटतो, तिचा पृष्ठभाग काचेसारखा आणि वाहत्या पाकासारखा दिसतो, तिच्यात कोळशाचे कण असतात, पण ऑलिव्हिनचे नीट आकाराचे दाणे नसतात. बागेतल्या वाटांवर आणि झाडांच्या आळ्यांत टाकलेला लाल स्कोरियाही बहुधा विकत आणलेला असतो. रेल्वेमार्गालगतची खडी तर कुठल्याही खाणीतली असू शकते. दगड जागच्या थरात बसलेला असेल तरच तो साक्षीला घ्यावा.

अशीच दुसरी फसगत उतारांवरच्या पायऱ्यांची आहे. सुटा स्कोरिया स्वतःच्या वजनाने सुमारे ३० ते ३३ अंशांच्या उतारावर स्थिरावतो, त्यामुळे तरुण शंकूची बाजू पट्टी लावल्यासारखी सरळ असते आणि जसजशी झीज होते तसतशी ती मंदावते. या सरळ उतारावर आडव्या पायऱ्या दिसल्या तर त्यांना लाव्हाचे थर समजण्याचा मोह होतो. न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या टेकड्यांवर अशा पायऱ्या मोठ्या संख्येने आहेत आणि त्या तेथील मूळ रहिवासी माओरी लोकांनी शतकांपूर्वी वस्ती, तटबंदी आणि शेतीसाठी कोरलेल्या आहेत. तेथील माउंगाफाउ, म्हणजेच माउंट ईडन, १९६ मीटर उंच आणि जवळपास ५० मीटर खोल विवर असलेला शंकू आहे. त्याच्या बाजूंना दिसणारी रचना निम्मी भूशास्त्राची आणि निम्मी माणसांची आहे. तेथील १४ टेकड्या २०१४ च्या कायद्याने माओरी समूहांच्या मालकीत परत गेल्या. विवरात उतरणे हा त्यांच्या श्रद्धेचा भंग मानला जातो. अशा जागी हातोडा चालवणे सोडाच, पण पायवाट सोडणेही गैर आहे. तुमच्या टेकडीचा मालक कोण आणि तिच्यावर कोणते निर्बंध आहेत, हे आधी विचारून घ्यावे. खरे तर हातोड्याची गरज क्वचितच पडते, कारण कापलेल्या कडेखाली पडलेले तुकडे भिंगाखाली पाहायला पुरेसे असतात. मोकळ्या स्कोरियाची उभी कड मात्र विश्वासाची नसते. पावसानंतर तिच्या तळाशी उभे राहू नये.

यानंतर विवराकडे जायला हरकत नाही. तेथे पाहायची गोष्ट खोली नव्हे, तर कड कुठे उणी आहे ती. पुष्कळ लहान ज्वालामुखींचे विवर घोड्याच्या नालासारखे एका बाजूने उघडे असते. काठ वाहून गेला असे लोक समजतात, पण कारण बहुधा वेगळे असते. उद्रेकाच्या उत्तरार्धात शिलारसातला वायू निघून जातो आणि शिलारस जड होतो. शंकू सुट्या, हलक्या खड्यांचा असल्यामुळे तो हा जड लाव्हा काठापर्यंत तोलून धरू शकत नाही. त्यामुळे लाव्हा विवर भरून वरून ओसंडत नाही, तर पायथ्याशी भिंत फोडून बाहेर पडतो आणि वरचा भाग तराफ्यासारखा अंगावर घेऊन जातो. उघड्या बाजूच्या खाली, पाव-अर्ध्या किलोमीटरवर एखादा विचित्र, वेगळाच उंचवटा असेल, तर तो असा वाहून गेलेला शंकूचा तुकडा असू शकतो. त्यावर घरे असतील तरीही तो नकाशावर दाखवावा. एक काठ दुसऱ्यापेक्षा केवळ उंच असेल, तुटलेला नसेल, तर मात्र उद्रेकाच्या दिवसांतल्या वाऱ्याचा विचार करावा, कारण वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला माल अधिक साचतो.

उपनगराखाली पसरलेला खरा ज्वालामुखी तो हा लाव्हा. टेकडी हा त्याचा दिसणारा भाग, पण क्षेत्रफळाने लाव्हाचे प्रवाह तिच्या अनेक पट असतात आणि ते जुन्या ओढ्यांच्या पात्रांतून उतारानुसार गेलेले असतात. त्यांचा माग काढण्याची माझी पद्धत अगदी साधी आहे : जुन्या घरांच्या कुंपणभिंती पाहत चालावे. यंत्रे येण्यापूर्वी बांधकामाचा दगड लांबून आणत नसत, त्यामुळे काळ्या पाषाणाच्या भिंती एका ओळीत सुरू होतात आणि जिथे संपतात तिथे बहुधा प्रवाहाची कड असते. मात्र हा केवळ सुगावा झाला. नवे खोदकाम, गटाराची चारी, रेल्वेचा काप यांत प्रत्यक्ष खडक दिसला तरच तो पुरावा ठरतो. अशा कापात प्रवाहाचा वरचा भाग भोकाभोकांचा आणि खडबडीत, मधला दाट आणि तळाचा पुन्हा तुकड्यातुकड्यांचा दिसतो. त्याखाली लाव्हाच्या उष्णतेने विटेसारखी भाजलेली माती असते. मधल्या भागात निवताना आक्रसून पडलेल्या भेगांचे खांब असतात, आणि ते निवण्याच्या पृष्ठभागाला काटकोनात वाढतात. खांब उभे असतील तर प्रवाह सपाट पसरला होता, आणि पंख्यासारखे तिरके झाले असतील तर तो एखाद्या अरुंद दरीत साचला होता. जमीन नगरपालिकेच्या ताब्यात असो वा खाजगी, पायाच्या बांधकामाआधी घेतलेल्या विंधनछिद्रांच्या नोंदी पाहायला मिळाल्या, तर एका दिवसात जे कळते ते महिनाभर चालूनही कळत नाही.

आतापर्यंतचे सारे वर्णन भूशास्त्रीय दृष्टीने तरुण, म्हणजे हजारो ते फार तर काही लाख वर्षे वयाच्या शंकूला लागू आहे. तुमच्या टेकडीवर सुटा स्कोरिया मुळीच नसेल, उतार खडकाळ आणि अनियमित असतील, तर ती ज्वालामुखी नसून ज्वालामुखीचे आतडे असण्याचा संभव आहे. स्कॉटलंडमधील एडिनबरा शहरातली आर्थर्स सीट ही २५१ मीटरची टेकडी सुमारे ३४ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा अवशेष आहे. तिचा मूळ शंकू केव्हाच झिजून गेला, आणि आज आपण ज्यावर चालतो ते उद्रेकमार्गात घट्ट झालेले खडक आहेत. तिच्या शेजारचा सॅलिसबरी क्रॅग्ज हा कडा तर कधी जमिनीवर आलाच नाही. तो थरांच्या मध्ये घुसून तिथेच निवलेला शिलारस आहे. त्याने खालचा गाळाचा थर उचकटून आत ओढल्याची जागा अठराव्या शतकात भूशास्त्रज्ञ जेम्स हटन यांनी दाखवली. हा खडक वितळलेल्या अवस्थेत आत शिरला असला पाहिजे, पाण्यातून थर बसून तो झालेला नाही, या त्यांच्या म्हणण्याला त्या हातभर जागेचा मोठा आधार मिळाला. अशा टेकडीवर विवर शोधत फिरू नये. दोन खडकांची सीमा शोधावी, आणि सीमेलगतचा काळा पाषाण बारीक दाण्यांचा, काचेसारखा होत जातो का ते पाहावे. तसे दिसले तर गरम शिलारस थंड खडकाला भिडून चटकन निवला होता.

वय ठरवणे हे मात्र डोळ्यांचे काम नाही. राखेखाली जळालेले लाकूड सापडले तर रेडिओकार्बन पद्धत सुमारे ५० हजार वर्षांपर्यंत उपयोगी पडते. त्याहून जुन्या लाव्हासाठी आर्गॉनच्या समस्थानिकांवर आधारलेली पद्धत वापरतात. जवळपास एखादे जुने तळे असेल तर त्याच्या तळच्या गाळात प्रत्येक उद्रेकाची राख क्रमाने बसलेली असते आणि त्यावरून कोणता उद्रेक आधीचा ते कळते. पाटीवर वयाचा नुसता आकडा असेल, तर तो कोणत्या पद्धतीने काढला हे विचारायला संकोच करू नये. जुन्या पाट्यांवरची वये अनेकदा केवळ उताराच्या झिजेवरून अंदाजाने लिहिलेली असतात.

आता 'मृत' या शब्दाविषयी. तुमची टेकडी एकाच उद्रेकात घडलेला शंकू असेल, तर ती मृत आहे हे विधान बरोबरच आहे. पारिकुतिन १९५२ मध्ये थांबला आणि इतक्या थोड्या वर्षांतही त्याला मृत म्हणण्यास कोणी कचरत नाही. पण असे शंकू एकेकटे क्वचितच असतात, त्यांचे क्षेत्र असते, आणि शंकू मृत असला तरी क्षेत्र जिवंत असू शकते. ऑकलंडच्या क्षेत्रात पन्नासहून अधिक मुखे आहेत. त्यांतल्या बहुतेकांनी आपला एकच उद्रेक उरकला. तरीही त्यांतला सर्वांत तरुण रांगितोतो सुमारे ६०० वर्षांपूर्वी समुद्रातून वर आला, तेव्हा शेजारच्या बेटावर माणसे राहत होती. ताज्या राखेत उमटलेल्या माणसांच्या आणि कुत्र्यांच्या पाऊलखुणा तेथे सापडल्या आहेत. म्हणून पाटीवरच्या शब्दापेक्षा त्या क्षेत्रातला शेवटचा उद्रेक केव्हा झाला हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे. कोट्यवधी वर्षे काहीच घडले नसेल, तर क्षेत्रही संपलेले समजावे. काही हजार वर्षांतला उद्रेक असेल, तर भूकंपमापकांचे जाळे तेथे आहे का ते पाहावे, कारण खोलीवरून शिलारस किती चटकन चढतो हे त्या हिरव्या तुकड्याने दाखवलेलेच आहे, आणि इशारा मिळाला तर तो काही दिवसांचा किंवा आठवड्यांचाच असेल. तेथील पुढचा उद्रेक तुमच्या टेकडीच्या विवरातून होण्याची शक्यता फारच कमी. तो क्षेत्रात कुठेही, आज जिथे सपाट रस्ता किंवा खाडीचे पाणी आहे अशा जागीही, होऊ शकतो.